प्राणेशा तंत्रिकेचे उद्दीपन आणि श्वसनींचा संकोच : एका 'औषधविरहित' उपचाराची चिकित्सा

(१)

प्राणेशा तंत्रिका श्वसनींचा संकोच घडवून आणते, ही गोष्ट शरीरक्रियाविज्ञानात शंभराहून अधिक वर्षे मान्य आहे. डिक्सन व ब्रॉडी या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०३ साली श्वसनींच्या स्नायूंचा तंत्रिकापुरवठा आणि त्या स्नायूंवर होणारी निरनिराळ्या द्रव्यांची क्रिया यांविषयी जे संशोधन प्रसिद्ध केले, ते या विषयातील पायाभूत कार्यांपैकी एक होय. पुढे १९२१ मध्ये ओटो लोवी याने बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून असे दाखविले की, ही तंत्रिका आपले कार्य एका रासायनिक द्रव्याच्या द्वारे करते. ते द्रव्य ॲसिटिलकोलीन होय, हे मागाहून निश्चित झाले आणि लोवी व हेन्री डेल यांस १९३६ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. श्वसनींच्या भिंतींतील अरेखित स्नायूंवर हेच ॲसिटिलकोलीन कार्य करते व त्यांस आकुंचित करते.

या ज्ञानाचा उपचारात उपयोग करणे म्हणजे त्या तंत्रिकेस आवर घालणे, असाच अर्थ दीर्घकाळ केला जात होता. किंबहुना ज्ञानाच्या आधी उपयोगच आला होता असे म्हणावे लागेल. धोतऱ्याचा धूर ओढल्याने दम्याचा जोर ओसरतो हा अनुभव भारतात जुना होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासेत नोकरीस असलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या मार्फत तो ब्रिटनमध्ये पोचला. धोतऱ्यात ॲट्रोपीनच्या जातीची द्रव्ये असतात व ती ॲसिटिलकोलीनची क्रिया रोखून धरतात, हा उलगडा नंतरचा. आज वापरात असलेली इप्राट्रोपियम व टायोट्रोपियम ही औषधे त्याच परंपरेतील होत.

असे असता, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत याच तंत्रिकेला मानेच्या ठिकाणी विद्युत्स्पंद देऊन श्वसनी सैल करता येतात असा दावा पुढे आला, तेव्हा अभ्यासकांस आश्चर्य वाटणे साहजिक होते. जी तंत्रिका नळी आवळते तीच चेतविली असता नळी मोकळी होते, हे विधान प्रथमदर्शनी विपरीत दिसते. प्रस्तुत निबंधात या दाव्याची तीन अंगांनी तपासणी करावयाची आहे : त्याची उपपत्ती सुसंगत आहे काय, त्यास मिळालेला पुरावा किती भार सोसू शकतो, आणि 'औषधविरहित' या विशेषणाचा नेमका अर्थ काय. तिसरा प्रश्न वरवर शाब्दिक भासतो. परंतु रोग्याच्या हिताच्या दृष्टीने तोच सर्वांत निकडीचा आहे, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

(२)

प्रथम उपपत्तीचा विचार करू. प्राणेशा तंत्रिका ही एकच दोरी आहे अशी कल्पना केल्यास वरील विरोध दुस्तर ठरतो. वस्तुतः ती अनेक तंतूंची जुडी आहे. तिच्यातील बहुसंख्य तंतू अभिवाही, म्हणजे इंद्रियांकडून मेंदूकडे वार्ता नेणारे आहेत. मेंदूकडून इंद्रियांकडे आज्ञा आणणारे अपवाही तंतू त्या मानाने थोडे आहेत. तंतूंच्या जाडीत व आवरणातही भेद आहेत, आणि या भेदांमुळे काही तंतू अगदी क्षीण विद्युत्प्रवाहाने चेततात तर काहींस प्रबळ प्रवाह लागतो. पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे की, प्रवाह पुरेसा क्षीण ठेवला तर श्वसनी आवळणारे अपवाही तंतू निद्रिस्त राहतात आणि केवळ अभिवाही तंतू जागे होतात. त्यांची वार्ता मस्तिष्कस्तंभापर्यंत जाते व तेथून अनुकंपी तंत्रिका तंत्राच्या वाटेने श्वसनी सैल करणारी प्रतिक्षेपी क्रिया घडते.

या म्हणण्यास प्राण्यांवरील प्रयोगांचा आधार आहे. हॉफमन व त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये असे प्रसिद्ध केले की, हिस्टामीन देऊन गिनीपिग व डुक्कर या प्राण्यांत घडविलेला श्वसनींचा संकोच प्राणेशेच्या क्षीण उद्दीपनाने कमी होतो. २०१२ साली गिनीपिगांवरील दुसऱ्या अभ्यासात यामागील दुवा शोधण्याचा प्रयत्न झाला. उद्दीपनाच्या वेळी रक्तातील ॲड्रेनॅलीन वाढते आणि बीटा-ग्राहींना रोखणारे द्रव्य आधी दिलेले असल्यास उद्दीपनाचा लाभ दिसत नाही, असे त्यात आढळले. एका उपपत्तीतून निष्पन्न होणारे भाकीत घेऊन त्याची अशी परीक्षा पाहणे ही शास्त्रीय रीत होय, व त्याबद्दल या संशोधनास योग्य ते श्रेय दिले पाहिजे. प्रस्तुत दावा निव्वळ चमत्काराच्या कोटीतील नाही, एवढे यावरून निश्चित होते.

तथापि गिनीपिगापासून माणसापर्यंतच्या वाटेवर एक दुवा निखळलेला दिसतो. माणसांवरील पहिल्या महत्त्वाच्या अभ्यासात (त्याचा परामर्श पुढे घेतला आहे) उद्दीपनामुळे नाडी, रक्तदाब इत्यादी लक्षणांत लक्षणीय फरक पडला नाही असे नमूद झाले आणि ही गोष्ट उपचाराच्या निर्धोकपणाचे गमक म्हणून पुढे केली गेली. परंतु श्वसनी सैल होतील इतके ॲड्रेनॅलीन रक्तात मिसळले तर हृदयाची गती त्यापासून अलिप्त राहावी, हे सहज पटणारे नाही. यावर असे उत्तर देता येईल की, त्या रोग्यांस अन्य औषधे मिळालेलीच होती व त्यांची नाडी आधीच जलद असणार. त्यामुळे लहानशी वाढ लपून जाणे शक्य आहे. हे उत्तर मान्य केले तरी त्याने उपपत्ती सिद्ध होत नाही. ती खोटी ठरली नाही एवढेच सिद्ध होते. माणसात हाच मार्ग कार्य करतो की दुसरा कोणता, हा प्रश्न मोकळाच राहतो.

(३)

उपपत्ती जशी मांडली आहे तशी खरी मानली, तर 'औषधविरहित' या शब्दाचे काय होते ते पाहू. श्वसनींच्या स्नायूंवर बीटा-२ या नावाने ओळखले जाणारे ग्राही असतात. दम्याच्या झटक्यात जे साल्ब्युटामॉल हुंगले जाते ते याच ग्राहींना जाऊन चिकटते व स्नायू सैल करते. अधिवृक्क ग्रंथीतून पाझरणारे ॲड्रेनॅलीनही याच ग्राहींच्या द्वारे श्वसनी सैल करते. म्हणजे कुलूप एकच आहे. एक किल्ली कारखान्यात घडते व दुसरी शरीरात घडते, एवढाच भेद. 'औषधविरहित' हे विशेषण द्रव्याच्या उगमापुरते खरे आहे. द्रव्याच्या क्रियेस ते लागू पडत नाही.

या निष्कर्षातून एक मोठी अडचण उद्भवते. साल्ब्युटामॉलचा पुरेसा उपयोग होत नाही अशा रोग्यांसाठी हा उपचार विशेषेकरून पुढे केला जातो. परंतु ज्या कुलपास साल्ब्युटामॉलची किल्ली लागूनही दार उघडले नाही, त्यास शरीरातील ॲड्रेनॅलीनची किल्ली लावल्याने ते का उघडावे, याचे उत्तर उपपत्तीने दिले पाहिजे. एक उत्तर संभवनीय आहे व ते दुर्बल नाही. झटका तीव्र असतो तेव्हा आवळलेल्या नळ्यांतून हुंगलेले औषध दूरच्या शाखांपर्यंत पोचत नाही. रक्ताच्या किंवा तंत्रिकेच्या वाटेने येणाऱ्या आज्ञेस मात्र ही अडचण नसते. हे जर खरे असेल, तर शिरेतून अथवा त्वचेखालून दिलेल्या तत्सम औषधाशी या उद्दीपनाची तुलना करून पाहणे हा त्याचा न्याय्य कस ठरेल. तशी तुलना झाल्यावाचून विद्युत्स्पंदाचा विशेष गुण कोणता, हे सांगता येणार नाही.

दुसरी अडचण याहून व्यावहारिक आहे. दम्यात तीन गोष्टी एकत्र घडतात : स्नायू आकुंचन पावतात, श्वसनींच्या अस्तरास सूज येते व चिकट श्लेष्मा साचतो. प्रस्तुत उद्दीपनाचा दावा मुख्यतः यांपैकी पहिल्या गोष्टीपुरता आहे. दम्याच्या उपचाराविषयी मार्गदर्शन करणाऱ्या 'जिना' या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ साली केवळ नळी सैल करणाऱ्या अल्पकालिक औषधावर विसंबून राहण्याची जुनी शिफारस मागे घेतली आणि सूज कमी करणारे स्टेरॉइड कोणत्या ना कोणत्या रूपात उपचारात असलेच पाहिजे, असे ठरविले. कारण नळी तात्पुरती मोकळी झाली म्हणजे रोग्यास बरे वाटते, सूज मात्र आत धुमसत राहते, व पुढचा झटका प्राणावर बेततो. मग ती नळी साल्ब्युटामॉलने मोकळी झालेली असो की विजेने, धोका तोच.

आपल्याकडे 'पंपाची सवय लागते' हा समज सुशिक्षित कुटुंबांतूनही आढळतो. अशा समाजात 'औषधाविना श्वास मोकळा' हे शब्द कानी पडले तर त्यांचा अर्थ 'औषध सोडून द्यावे' असा घेतला जाण्याचा संभव उघड आहे. परिभाषेचाही यात थोडा वाटा आहे. लॅटिन भाषेत या तंत्रिकेचे नाव 'भटकणारी' अशा अर्थाचे आहे. मराठी परिभाषेने तिला प्राणेशा हे गौरवाचे नाव दिले. प्राणांच्या स्वामिनीस जागे करून श्वास परत मिळवावयाचा ही कल्पना मराठी मनास चटकन भावणारी आहे; म्हणूनच तिच्याविषयी अधिक सावध राहणे अवश्य आहे.

(४)

आता माणसांवरील पुरावा. २०१२ साली माइनर व त्यांचे सहकारी यांनी दम्याचा तीव्र झटका येऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या व सुरुवातीच्या नेहमीच्या उपचारांनी आराम न पडलेल्या २५ रोग्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. मानेत ग्रीवा रोहिणीच्या आवरणाजवळ विद्युदग्र बसवून प्राणेशेस उद्दीपन देण्यात आले. पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेल्या हवेचे आकारमान वाढले, श्वास घेण्याचे कष्ट कमी झाले आणि गंभीर स्वरूपाचा अपाय कोणासही झाला नाही. अभ्यासाचा उद्देश हा उपचार व्यवहार्य आहे काय एवढेच पाहण्याचा होता, व ते त्याच्या शीर्षकातच स्पष्ट म्हटले होते. संशोधकांच्या या संयमाबद्दल तक्रार करण्यास जागा नाही.

तक्रार आहे ती या अभ्यासाच्या नंतरच्या वापराविषयी. या रोग्यांचे नेहमीचे औषधोपचार उद्दीपनाच्या काळातही चालूच होते. झटका ओसरण्यास जो वेळ लागतो तो काळही त्याच अवधीत सरत होता. यदृच्छ विभागणी करून निम्म्या रोग्यांस लटके उद्दीपन दिलेले नव्हते. अशा स्थितीत आकारमानातील वाढ औषधाची, काळाची, रोग्याच्या आशेची की विजेची, हे वेगळे काढण्याचे साधन त्या अभ्यासात नाही. व्यवहार्यतेच्या अभ्यासास परिणामकारकतेचा पुरावा मानणे म्हणजे पायरीस मजला समजणे होय.

लटक्या उपचाराची एवढी मातब्बरी कशाला, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात येऊ शकेल. त्याचे उत्तर देणारे दोन अभ्यास प्रत्येकाने ध्यानी ठेवावे असे आहेत. २०११ साली वेक्स्लर व त्यांचे सहकारी यांनी दम्याच्या ३९ रोग्यांवर चार प्रकारांची तुलना पूर्ण केली : खरा इनहेलर, औषध नसलेला इनहेलर, लटके सूचिवेधन आणि कोणताही उपचार नाही. मोजमापाने पाहता खऱ्या औषधाने पहिल्या सेकंदातील आकारमान सुमारे २० टक्के वाढले, तर उरलेल्या तिहींत ते प्रत्येकी सुमारे ७ टक्के वाढले. रोग्यांस विचारले तेव्हा मात्र खऱ्या औषधाने ५० टक्के, पोकळ इनहेलरने ४५ टक्के व लटक्या सूचिवेधनाने ४६ टक्के बरे वाटल्याचे त्यांनी सांगितले; काहीच न केलेल्या वेळी हा आकडा २१ टक्के होता. यातून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. रोग्याच्या सांगण्यावरून खरे औषध व पोकळ औषध यांत फरक करता येत नाही. आणि काहीही न करता नुसते थांबले तरी यंत्रावरील आकडादेखील काहीसा वर चढतो.

दुसरा अभ्यास २०१० सालचा. श्वसनींच्या भिंतींस उष्णता देऊन तेथील स्नायू कमी करण्याच्या उपचारावर २८८ रोग्यांची चाचणी झाली. खरा उपचार झालेल्यांपैकी ७९ टक्के रोग्यांच्या जीवनमानात ठरविलेल्या मर्यादेपलीकडे सुधारणा आढळली. हा आकडा एकटाच छापला असता तर तो डोळे दिपविणारा होता. परंतु लटका उपचार झालेल्यांतही ६४ टक्के रोग्यांत तशीच सुधारणा दिसली. उपचाराचा स्वतःचा वाटा किती, हे उरलेल्या अंतराने ठरते. हैदराबादेस मृगाच्या मुहूर्तावर दम्यासाठी दिल्या जाणाऱ्या मत्स्यप्रसादास लोटणारी गर्दी पाहून सुशिक्षित लोक हसतात. पण ज्या उपकरणास तारा व दिवे आहेत त्यामागील अनुभवकथने त्यांस पुरावा वाटतात. तुलनेच्या अभावी दोहोंचे तार्किक मूल्य सारखेच असते.

(५)

या विषयाचा पूर्वेतिहासही डोळ्यांआड करता येत नाही. दम्यावर तंत्रिकांच्या वाटेने घाला घालण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून होत आले. त्यांपैकी सर्वांत बोधप्रद म्हणजे कोमेई नाकायामा या जपानी शल्यचिकित्सकाची शस्त्रक्रिया. ग्रीवा रोहिणीच्या फाट्यापाशी तांदळाच्या दाण्याएवढा एक पिंड असतो. तो काढून टाकल्यास दमा हटतो, असे त्याचे प्रतिपादन होते. १९६१ मध्ये त्याने ३,९१४ रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध केला. संख्या एवढी प्रचंड होती की शंका घेणाऱ्याचाच संकोच व्हावा. अमेरिकेतही ती शस्त्रक्रिया सुरू झाली. १९६५ साली सीगल व डल्फानो यांनी अयशस्वी ठरलेल्या १५ रोग्यांची हकीकत मांडली. पुढील अभ्यासांतूनही लाभाची पुष्टी झाली नाही व ती शस्त्रक्रिया मागे पडली.

परंतु ज्यांचे दोन्ही बाजूंचे पिंड काढले गेले होते त्यांचे जे व्हावयाचे ते होऊन गेले होते. तो पिंड रक्तातील प्राणवायू कमी झाल्याची खबर मेंदूस देतो. जपानमधील अशा रोग्यांवर नंतर झालेल्या अभ्यासांत असे दिसून आले की, प्राणवायू घटला असता श्वासाचा वेग वाढविण्याची त्यांची स्वाभाविक शक्ती जवळजवळ नाहीशी झाली होती. ज्यांचा श्वास आधीच कोंडत होता त्यांच्याकडून श्वास कोंडल्याची सूचना देणारा पहारेकरीही हिरावून घेतला गेला. तुलनात्मक चाचणीस झालेल्या विलंबाची किंमत कोण देतो, हे यावरून कळावे. प्रस्तुत उद्दीपनात काही कापून टाकावयाचे नसते व चूक झाल्यास प्रवाह बंद करता येतो, हा मोठा भेद आहे आणि तो न सांगणे अन्यायाचे होईल. येथे हानी होईल ती उपकरणाने केलेली नसेल. उपकरणावर विसंबून जे औषध घ्यावयाचे राहिले त्याची असेल.

तंत्रिकांशी निगडित उपचारात लटकी चाचणी घेणे अशक्यप्राय आहे, असा एक आक्षेप घेतला जातो. उद्दीपन मिळाले म्हणजे मानेत मुंग्या येतात, त्यामुळे खरे व लटके रोग्यास ओळखता येते. आणि मुंग्या याव्यात म्हणून लटक्या यंत्रातही थोडा प्रवाह सोडला, तर तेही काही अंशी खरेच ठरते. हा आक्षेप पोकळ नाही. परंतु अडचण आणि अशक्यता या वेगळ्या गोष्टी आहेत. दीर्घकालिक अवरोधी फुप्फुसविकारात श्वसनींभोवतीच्या प्राणेशेच्या शाखा दुर्बिणीतून नेलेल्या साधनाने निकामी करण्याच्या उपचारावर ८२ रोग्यांची चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत लटक्या दुर्बिणतपासणीशी तुलना करण्यात आली आणि उपचारानंतरच्या तीन ते साडेसहा महिन्यांत श्वसनाचा त्रास उद्भवलेल्यांचे प्रमाण खऱ्या गटात ३२ टक्के व लटक्या गटात ७१ टक्के आढळले. उद्दीपनाहून कितीतरी अवघड असलेल्या क्रियेची जर अशी परीक्षा घेता येते, तर मानेवर धरावयाच्या उपकरणाची घेता येऊ नये हे पटत नाही.

(६)

अखेरीस शासकीय मान्यतेचा मुद्दा. 'गॅमाकोअर' या हातात धरून मानेवर टेकविण्याच्या उपकरणास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये एका तीव्र प्रकारच्या डोकेदुखीसाठी मुभा दिली होती. जुलै २०२० मध्ये कोविडच्या साथीत त्याच उपकरणास आपत्कालीन वापराची अनुमती मिळाली. ती कोविड असलेल्या किंवा त्याचा संशय असलेल्या, दम्यामुळे धाप वाढलेल्या आणि ज्यांस मान्य औषधे सोसत नाहीत वा पुरत नाहीत अशा प्रौढ रोग्यांपुरती होती. तिचा कायदेशीर निकष असा की, साधन परिणामकारक असू शकेल असे मानण्यास वाजवी कारण असावे. परिणामकारक 'आहे' आणि परिणामकारक 'असू शकेल' यांतील अंतर व्याकरणात एका क्रियापदाचे दिसते. पुराव्याच्या दृष्टीने ते सबंध चाचणीचे आहे. वाफेच्या यंत्राने औषध दिल्यास विषाणू हवेत पसरेल ही भीती त्या वेळी रुग्णालयांत होती. अशा प्रसंगी दुसरे साधन हाताशी असावे हा निर्णय समर्थनीय होता. पण संकटकाळात दिलेल्या सवलतीस शास्त्राचा निर्णय म्हणून उद्धृत करणे समर्थनीय नाही.

एतावता निष्कर्ष असा. प्राणेशेच्या क्षीण उद्दीपनाने श्वसनी सैल व्हाव्यात ही कल्पना शरीरक्रियाविज्ञानाच्या विरुद्ध नाही व तिचा पाठपुरावा होणे इष्ट आहे. प्राण्यांवरील पुरावा लक्ष वेधणारा आहे. माणसांवरील पुरावा आशा निर्माण करण्याइतका आहे, विश्वास ठेवण्याइतका नाही. पुढील चाचणीत यदृच्छ विभागणी, विचारपूर्वक योजलेले लटके उपकरण, रोग्याच्या सांगण्याबरोबर यंत्राचे मोजमाप, रक्तातील ॲड्रेनॅलीनची नोंद आणि बीटा-ग्राहींवरील प्रचलित औषधाशी प्रत्यक्ष तुलना या गोष्टी असल्या पाहिजेत. त्यांवाचून या प्रश्नाचा निकाल लागणार नाही. तोपर्यंत 'औषधविरहित' या शब्दाऐवजी 'औषधास पूरक ठरू शकेल असा' एवढेच म्हणणे सत्यास धरून होईल. हे शब्द कमी आकर्षक आहेत खरे. परंतु ते ऐकून कोणी आपला इनहेलर घरी ठेवून बाहेर पडणार नाही.